गॅरेज आणि वॉशिंग सेंटरसाठी ऑइल सेपरेटर: निवड, बांधणी आणि वर्षभराची देखभाल

कोल्हापुरात नवं गॅरेज किंवा वॉशिंग सेंटर टाकणारा माणूस जागा, लाइट कनेक्शन, बोअर, कॉम्प्रेसर आणि बोर्ड यांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात करून मोकळा होतो. ड्रेनेजचा विषय निघतो तो फरशी घालून झाल्यावर, आणि तोही 'मिस्त्री, एक खड्डा मारून द्या' एवढ्यावर मिटतो. पुढं गटारीवर तवंग दिसायला लागतो, शेजारी तक्रार करतो, नोटीस येते आणि नवी फरशी फोडावी लागते.

ऑइल सेपरेटर, म्हणजे रॅम्पवरच्या पाण्यातलं तेल वेगळं काढणारी टाकी, कुठल्या कंपनीचा घ्यावा, हा प्रश्न बराच नंतरचा. त्यात काय जाऊ द्यायचं नाही, हे आधी ठरवा. पावसाचं पाणी, शाम्पूचा फेस आणि चिखल या तीन गोष्टी बाहेर ठेवता आल्या तर साधा विटांचा तीन कप्प्यांचा खड्डाही चोख काम करतो. त्या आत गेल्या तर लाखाची टाकीही शोभेपुरती उरते.

पायरी १: तुमचं पाणी कुठं जातं ते बघा

जागा ताब्यात आली की एक बादली पाण्यात थोडा गेरू कालवा, रॅम्पच्या जागी ओता आणि पाण्यामागून चालत जा. शहरातल्या बहुतेक भागात ते रस्त्याकडेच्या गटारीतून जयंती, दुधाळी, लाइन बाजार नाहीतर बापट कॅम्प अशा एखाद्या नाल्याला मिळतं, आणि या सगळ्या नाल्यांची तोंडं पंचगंगेकडं आहेत. जयंती नाल्याचं पाणी अडवून, उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटरच्या) प्रक्रिया केंद्राकडं नेतात हे खरं. पण मोठा पाऊस झाला की नाला बांधावरून ओसंडतो आणि सरळ नदीला मिळतो. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या अंगणातलं तेल सगळ्यात जास्त धुऊन जातं, नेमकं त्याच दिवशी पुढं अडवणारं कुणी नसतं. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे, नृसिंहवाडीला कृष्णेचा संगम आहे.

एमआयडीसीत, म्हणजे शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला प्लॉट असेल तर पावसाळी गटार कोणतं आणि सांडपाण्याची लाइन कोणती, हे नकाशावर बघून घ्या. रॅम्पचं पाणी पावसाळी गटाराला जोडणं ही तिथली नेहमीची चूक.

पाणी कुठं जातं यावर मर्यादा ठरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. सार्वजनिक सांडपाणी वाहिनीसाठी हीच मर्यादा २० आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्यासाठीच्या अटी लिहिलेल्या असतात. ते पत्र फाइलला लावून ठेवण्याआधी एकदा वाचा.

पायरी २: तेल वर येतं कसं, एवढं समजून घ्या

सेपरेटरमध्ये जादू काही नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्याला शांत पाण्यात पुरेसा वेळ मिळाला की ते वर येतं. किती वेळ, हे थेंबाच्या आकारावर ठरतं. डिझेलचा ०.१५ मिलिमीटरचा थेंब तासाला साडेसहा मीटरच्या आसपास वर चढतो. ०.०६ मिलिमीटरचा थेंब तासाला साधारण एक मीटर. आणि ०.०२ मिलिमीटरचा थेंब जेमतेम १२ सेंटिमीटर. थेंब निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो, म्हणून ही घसरण इतकी मोठी दिसते.

आता प्रेशर पंपाचा फवारा आणि वर शाम्पू, हे दोन्ही मिळून काय करतात बघा. तेलाचे बारीक बारीक तुकडे करतात आणि शाम्पू ते तुकडे परत एकत्र येऊ देत नाही. पाणी दुधाळ दिसतं. ते दुधाळ पाणी कुठल्याही गुरुत्वाच्या सेपरेटरमधून जसंच्या तसं पलीकडं जातं. 'खड्डा आहे तरी तवंग येतोच' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं.

त्यामुळं इंजिन आणि चेसिस धुण्याची जागा वेगळी ठेवा, फेस लावून बॉडी धुण्याची वेगळी. फेसाचं पाणी सेपरेटरमध्ये घालू नका आणि पावसाळी गटारातही सोडू नका. ते सांडपाण्याच्या वाहिनीला, संमतीपत्रात बसत असेल तसं, वेगळं जोडा. जागा एकच असेल तर लवकर तेल सोडणारं डिटर्जंट मागा. 'क्विक ब्रेक' म्हणून ते मिळतं, आणि तेही जपूनच वापरा. रॉकेल-डिझेलमध्ये पार्ट धुता ते ट्रेमध्येच धुवा. ते पाणी नाहीच, ते सरळ जळक्या ऑइलच्या ड्रमात जायला हवं.

पायरी ३: पाऊस बाहेर ठेवा

पैसे वाचतात ते इथं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढंच गणित आहे.

समजा दोन रॅम्प आहेत आणि पुढं २०० चौरस मीटरचं उघडं अंगण. दोन प्रेशर पंप मिळून मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी टाकतात. अंगणाचाही ढाळ रॅम्पच्या जाळीकडंच दिला, तर तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत तिथून तासाला १०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेतीन लिटर पाणी येतं. एकूण सव्वातीन लिटर. ०.०६ मिलिमीटरचा थेंब पकडायचा तर अर्ध्या लिटरला कागदावर १.७ चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो. सव्वातीन लिटरला ११ चौरस मीटर लागतो. सहापट मोठी टाकी, आणि तीही कशासाठी, तर बहुतांशी स्वच्छ असलेल्या पावसाच्या पाण्यासाठी.

रॅम्पवर पत्रा टाका. पत्र्याचं पाणी पन्हाळीतून थेट पावसाळी गटारात न्या. रॅम्पच्या भोवती चार बोटं उंचीचा सिमेंटचा उंबरा घ्या, गाडी सहज चढेल असा तिरका. अंगणाचा ढाळ उलट्या बाजूला द्या. हे सगळं फरशी घालायच्या आधी केलं तर गवंड्याचं दोन दिवसांचं जास्तीचं काम आहे, आणि नंतर केलं तर तोडफोड आहे.

कोल्हापूरकर पावसाचा हिशेब जुलै-ऑगस्टच्या झडीवरून करतात. टाकीच्या बाबतीत तो वळवावरून करायला हवा. झड दिवसभर लागते पण अंगावर तुटून पडत नाही. वळीव अर्ध्या तासात अंगणात तळं करतो, आणि चार-पाच महिन्यांचं फरशीत मुरलेलं ठिबकं तेल पहिल्याच दणक्यात घेऊन जातो.

पायरी ४: प्रकार निवडा

बाजारात आणि मिस्त्रीच्या डोक्यात मिळून चार प्रकार आहेत.

विटांचा किंवा काँक्रीटचा तीन कप्प्यांचा खड्डा. पहिल्यात गाळ, दुसऱ्यात तेल, तिसऱ्यात बाहेर जाण्याआधीचं पाणी. लहान गॅरेजला आणि पत्र्याखालच्या रॅम्पला हा पुरतो. आतून वॉटरप्रूफ प्लास्टर नीट झालं पाहिजे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि विटांची भिंत तडकते. तिथं आरसीसीच करा.

तयार फायबरची टाकी, आत प्लेटा किंवा जाळीचे ब्लॉक असलेली. बारीक थेंब या प्लेटांवर चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर सुटतात. कमी जागेत जास्त काम होतं. पेट्रोल पंप, मोठं सर्व्हिस सेंटर, ट्रकचं वर्कशॉप यांनी हीच घ्यावी. पण प्लेटा चिखलानं बुजतात, म्हणून पुढं गाळाचा कप्पा असल्याशिवाय ती घेऊ नका.

बायपास प्रकार. यात ठरावीक प्रवाहापर्यंतचंच पाणी सेपरेटरमधून जातं, त्यावरचं बाजूनं निघून जातं. मॉलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या पार्किंगला, जिथं गाड्या नुसत्या उभ्या राहतात, तिथं ठीक आहे. गॅरेज, पंप, डिझेल भरण्याची जागा यांना अजिबात नको. स्वस्त पडतो म्हणून विक्रेते हाच पुढं करतात.

चौथा प्रकार म्हणजे हॉटेलचा ग्रीस ट्रॅप. तो स्वयंपाकघराच्या तेलासाठी असतो. गॅरेजला लावू नका, आणि कँटीनचं किंवा संडासाचं पाणी तुमच्या ऑइल सेपरेटरला जोडू नका.

तयार टाकीच्या माहितीपत्रकावर बऱ्याचदा 'ईएन ८५८' लिहिलेलं असतं. हे युरोपचं मानक. त्यात क्लास वन म्हणजे चाचणीत बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल, आणि क्लास टू म्हणजे १०० मिलिग्रॅमपर्यंत. आपली मर्यादा १० आणि २० असल्यामुळं एकट्या क्लास टूवर भागत नाही. शिवाय ही चाचणी साबण नसलेल्या पाण्यात, हलक्या इंधन तेलावर घेतात. तुमच्या रॅम्पवर तसं पाणी नसतं, तेव्हा तो आकडा म्हणजे हमी समजू नका.

पायरी ५: माप काढा

वरच्या उदाहरणात पाऊस बाहेर ठेवल्यावर १.७ चौरस मीटर आलं. टाकीत पाणी कधीच पूर्ण शांत नसतं, कोपऱ्यांत फिरतं, मधूनच सरळ पळतं. म्हणून दुप्पट धरा: अंदाजे ३.४ चौरस मीटर. म्हणजे आतून २.४ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद, पाण्याची खोली १.२ मीटर. खोली वाढवून जागा वाचवता येईल असं मिस्त्री सांगेल. तेल पकडलं जातं ते पृष्ठभागावर, त्यामुळं आठ फूट खोल अरुंद विहिरीचा उपयोग नाही. टाकी लांबट हवी, चौकोनी नको.

गाळाचा कप्पा याच्या पुढं, वेगळा. युरोपीय पद्धतीत सेकंदाला एक लिटर प्रवाहामागे गाड्या धुण्याच्या जागेला २०० लिटर आणि ट्रक किंवा शेतीची यंत्रं धुणाऱ्या जागेला ३०० लिटर गाळाची जागा धरतात, पण काही झालं तरी ६०० लिटरपेक्षा कमी नाही. आपल्याकडं उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या फडातला चिखल घेऊनच रॅम्पवर चढतात. अशी गिऱ्हाइकं असतील तर ६०० वर थांबू नका, हजार-दीड हजार लिटरची जागा ठेवा. रॅम्पवर आधी सुका चिखल खुरपून, पोत्यात भरून घ्यायची सवय लावली तर तो कप्पा दुप्पट दिवस पुरतो.

पायरी ६: बसवताना काय बघायचं

आत येणारा पाइप पाण्यात सरळ कोसळता कामा नये. टी, म्हणजे तीन तोंडांचा पाइपजोड, लावून त्याचं तोंड पाण्याखाली घ्या, नाहीतर आधी वर आलेलं तेल तो परत घुसळतो. बाहेर जाणाऱ्या पाइपालाही टी, खालचं टोक पाण्यात खोल, म्हणजे तळाच्या बाजूचं पाणी जाईल आणि वरचं तेल अडून राहील. टीचं वरचं तोंड झाकणानं बंद करून टाकू नका, चोंदल्यावर तिथूनच गज घालता येतो.

टाकीतून वाफ जायला उभा पाइप हवा, दारा-खिडक्यांपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठून राहते.

झाकण किती वजन पेलतं हे विचारून घ्या. मोटारसायकलच्या गॅरेजचं झाकण ट्रॅक्टरखाली टिकत नाही.

बाहेर पडल्यावर गटाराला मिळायच्या आधी एक लहान तपासणी चेंबर ठेवा, पाइपमधून पाणी खाली पडताना दिसेल असं. नमुना इथूनच घ्यायचा. तेलाच्या तपासणीचा नमुना काचेच्या बाटलीत थेट धारेखाली घेतात. प्लास्टिकच्या बाटलीत तेल भिंतींना चिकटतं आणि अहवाल फसवा येतो.

फायबरची टाकी असेल तर खाली काँक्रीटचा बेड आणि त्याला पट्ट्यांनी जखडणं हवंच. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी फरशी फोडून वर येते. व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा पूर येणाऱ्या भागात शक्यतो टाकी नकोच, आणि पर्याय नसेल तर बाहेरच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा.

पायरी ७: आधी पाणी भरा, मग चालू करा

हे नेहमी विसरलं जातं. नवी टाकी असो की नुकतीच उपसलेली, बाहेरच्या पाइपच्या पातळीपर्यंत स्वच्छ पाणी भरल्याशिवाय रॅम्प चालू करायचा नाही. पाणी नसेल तर पहिलंच तेल आडव्या भिंतीखालून किंवा टीच्या तोंडातून सरळ बाहेर जातं. तयार टाकीत आपोआप बंद होणारा फ्लोट असतो, तो पाण्यात तरंगतो आणि तेलात बुडतो. तेलाचा थर जाड झाला की तो खाली बसून बाहेरची वाट बंद करतो. कोरड्या टाकीत तो आधीच खाली बसलेला असतो, आणि मग पाणी तुंबलं म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकतो. फ्लोट काढलेल्या टाकीत मोठी गळती झाली तर तेल अडवायला काहीच उरत नाही.

पायरी ८: देखभाल

आठवड्यातून एकदा झाकण उघडून बघणं आणि जाळीतला कचरा काढणं पुरे. पोरगा बघेल असं म्हणू नका, मालकानं स्वतः बघावं.

महिन्यातून एकदा मोजणी. पेट्रोल पंपावर टाकीत पाणी आहे का बघायला डिप रॉडला पेस्ट लावतात, तीच वॉटर फाइंडिंग पेस्ट इथं कामाला येते. सरळ गजाच्या खालच्या अर्ध्या मीटरला ती बोटानं पातळ चोपडा. पेस्ट लावलेला भाग तेलाच्या थरातून जाऊन पाण्यात बुडेल इतका गज उभा खाली सोडा, अर्धा-एक मिनिट हलवू नका आणि सरळ वर काढा. पाणी लागलेला भाग रंग बदलतो, बऱ्याच पेस्टमध्ये लाल-गुलाबी होतो. तेलातला भाग काळपट ओला दिसतो पण रंग तसाच राहतो. ओलेपणा जिथं सुरू होतो तिथपासून रंग बदलतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तेलाची जाडी. गाळासाठी दुसरा गज, टोकाला तळहाताएवढी चपटी प्लेट जोडलेला. प्लेट जिथं टेकते आणि साध्या गजाला जिथं खरा तळ लागतो, त्यातला फरक म्हणजे गाळ. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. गाळाचा कप्पा निम्मा भरला की उपसा. तेलाची ठरलेली साठवण भरायला आली की तेल काढा, ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

युरोपच्या मानकात जाणकाराकडून निदान सहा महिन्यांनी एकदा पूर्ण तपासणी सांगितली आहे. आपल्याकडं त्याला दोन सोयीच्या तारखा आहेत: पाडवा आणि खंडेनवमी. पाडव्यापर्यंत उसाचा हंगाम संपत आलेला असतो, गाळ भरलेला असतो, आणि वळवाच्या आत टाकी रिकामी करून पाण्यानं भरून ठेवता येते. जूनच्या तोंडावर उपसणाऱ्यांचा पहिला दणका हुकलेला असतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, गॅरेज तसंही धुऊन काढायचंच असतं. तेव्हा पावसाळ्याचा गाळ निघून जातो. प्लेटांचे ब्लॉक बाहेर काढून हलक्या पाण्यानं, सपाट जागी आणि टाकीच्याच वरच्या बाजूला धुवा, म्हणजे धुणवळ परत टाकीत जाईल. पाच वर्षांनी एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तडे आणि सांधे तपासा.

माणूस खड्ड्यात उतरवायचा नाही. दोन मिनिटांसाठीही नाही, दोरी बांधूनही नाही. आत वाफ असते, प्राणवायू कमी असतो. सक्शनची गाडी बोलवा, झाकणं उघडून ठेवा, आणि आजूबाजूला वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काही नको.

पायरी ९: काढलेलं तेल आणि गाळ

गाडीतून काढलेलं जळकं ऑइल आणि सेपरेटरमधून निघालेलं पाणीमिश्रित तेल, दोन्हींचे ड्रम वेगळे ठेवा. पाणी लागलं की पहिल्याची किंमत जाते. ड्रम पत्र्याखाली, कट्ट्याच्या आत, लेबल लावून.

धोकादायक आणि इतर टाकाऊ पदार्थांच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल ५.१ या क्रमांकावर आणि तेल मिसळलेला गाळ-अवशेष ५.२ वर आहे. साठवण ९० दिवसांपर्यंतच. द्यायचं ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला किंवा विल्हेवाट केंद्राला, सोबत मॅनिफेस्टचा, म्हणजे माल कुणी कुणाला दिला याचा, कागद घेऊन, आणि नोंद ठेवून. वर्षाचं विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरायचं. सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला म्हणून ड्रम मागणारे येतात, भट्टीला जाळायला नेणारेही येतात, रोख पैसे देतात. त्यांच्याकडं मॅनिफेस्ट नसतो, आणि तपासणीला माणूस आला की वहीतला तो ड्रम गेला कुठं, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. गाळ कोंडाळ्यात किंवा ओढ्याकाठी टाकण्याचा प्रकारही याच हिशेबातला.

पायरी १०: पुराचं वेळापत्रक

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमची जागा पूररेषेजवळ असेल तर ३९ ची वाट बघत बसू नका. पाणी चढतंय असं दिसलं की सक्शनवाल्याला फोन करा, कारण त्या दिवशी सगळेच करतात. वरचा तेलाचा थर काढून घ्या, पण टाकी रिकामी ठेवू नका, पाण्यानं काठोकाठ भरा. झाकणं बोल्टनं आवळा. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा. जळक्या ऑइलचे ड्रम वरच्या मजल्यावर किंवा उंच भागातल्या ओळखीच्या गोडाउनला हलवा. रिकामे ड्रमही हलवा, ते तरंगत जातात आणि आत उरलेलं तेल सगळ्या गल्लीला फासतात.

पाणी ओसरल्यावर टाकीत पुराचा गाळ भरलेला असतो, त्यामुळं रॅम्प लगेच सुरू करू नका. आधी गाळ उपसा, टी आणि फ्लोट धुऊन घ्या, व्हॉल्व्हमध्ये काटक्या अडकल्यात का बघा, भिंतीला नवे तडे शोधा. मग पाणी भरून एक दिवस तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पातळी मोजा. पातळी उतरली असेल तर टाकी गळतेय, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी रॅम्पवर घ्यायची नाही.